आइस हॉकीचा सप्टेंबर: कोण राहणार, कोण जाणार, हे कसं ओळखायचं

२०२५ ची कोजागिरी ६ ऑक्टोबरला, सोमवारी आली होती. टोरांटोजवळच्या मिसिसागात आमच्या मित्राकडे मसाला दूध आटत होतं आणि बाहेरच्या खोलीत निम्म्या लोकांचं लक्ष चंद्राऐवजी फोनकडे होतं. त्याच दिवशी एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने दोन वर्षांचा नवा करार केला, त्याच दिवशी संध्याकाळी पाचला एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सर्वात मोठ्या आइस हॉकी लीगच्या, सगळ्या संघांना आपापली यादी लीगकडे द्यायची होती, आणि त्याच दुपारी टोरांटो मेपल लीफ्सने कॅरोलायनाचा गोलकीपर केडन प्रिमो वेव्हर्सवरून उचलला होता. पुण्याहून आठ महिन्यांपूर्वी आलेला एक मुलगा बराच वेळ ऐकत होता. शेवटी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, उचलला म्हणजे काय? पैसे न देता? आणि कॅरोलायनाने देऊन टाकला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हो, खेळाडूच्या बदल्यात काहीही न देता उचलला. आणि कॅरोलायनाला तो द्यायचा नव्हताच. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे एकदा समजलं की आइस हॉकीचा सप्टेंबर बराचसा समजतो. हा लेख त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे. उदाहरणं बहुतेक लीफ्सची आहेत, कारण मी राहतो इथे आणि रडतोही इथेच. शेवटचा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, १९६७ साली आला, तेव्हा माझे आईवडील शाळेत होते.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सराव सामन्यांत कोण किती चांगला खेळला यावर यादीचा जेमतेम एक कोपरा ठरतो. उरलेली यादी ठरते करारावर, वयावर आणि "याला खाली पाठवला तर दुसरा कुणी घेऊन जाईल का?" या एका भीतीवर.

पायरी १: चार आकडे पाठ करा

हंगाम चालू असताना संघाच्या यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू असतात. सामन्याला त्यातले २० उतरतात: १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन आणि २ गोलकीपर, म्हणजे इथल्या बोलीत गोली. उरलेले तीन सूट घालून वरच्या प्रेस बॉक्समधून सामना पाहतात. हंगामाआधीच्या सराव शिबिराला, म्हणजे कॅम्पला, मात्र पन्नास-साठ जण येतात. म्हणजे सुमारे तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त लोकांना "तू खाली जा" असं सांगायचं असतं. खाली म्हणजे एएचएल या दुय्यम लीगमध्ये. लीफ्सचा तिथला संघ मार्लीज, आणि तो टोरांटोतच खेळतो. खाली गेलेला मुलगा घर न बदलता दुसऱ्या रिंकवर जातो, आणि गरज पडली तर पटकन परत येऊ शकतो. सगळ्याच संघांच्या नशिबी ही सोय नसते.

चौथा आकडा सॅलरी कॅपचा. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते, तसंच हे, फक्त इथे थैली रोज तपासली जाते. मालकांना कॅप हवी होती आणि खेळाडूंना नको होती, या भांडणात २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला. पुढच्या वर्षी कॅप आली ती ३.९ कोटी डॉलरची. २०२५-२६ ला ती ९.५५ कोटी होती आणि २०२६-२७ साठी १०.४ कोटी आहे.

कॅपमध्ये खेळाडूचा त्या वर्षीचा पगार धरत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी धरतात. लीफ्सच्या विल्यम नीलँडरचा करार ८ वर्षांचा आणि ९.२ कोटींचा आहे, म्हणून कॅपवर दरवर्षी १.१५ कोटी पडतात, मग त्याच्या खात्यात त्या वर्षी कितीही जमा होवोत. उन्हाळ्यात संघाला कॅपच्या १० टक्के वर जायची मुभा असते. ती मुभा हंगाम सुरू होताना संपते. म्हणून सप्टेंबरअखेर काही मॅनेजरांचे चेहरे महिनाअखेरच्या पगारदार माणसासारखे दिसतात.

वहीत लिहायची सवय असेल तर आत्ताच एक पान घ्या. १३ फॉरवर्ड, ८ डिफेन्समन, २ गोली अशी रिकामी चौकट काढा. काही संघ १४-७-२ ठेवतात. पैसे कमी पडले तर २२ किंवा २१ वरच थांबतात, कारण तेविसाव्या खेळाडूचा किमान पगारही परवडत नाही. ज्यांची जागा डोळे मिटून नक्की आहे त्यांची नावं शाईने लिहा. लीफ्ससारख्या संघात अशी सतरा-अठरा निघतात. कॅम्पमधली सगळी मारामारी उरलेल्या पाच-सहा घरांसाठी असते.

पायरी २: वेव्हर्स समजून घ्या (इथे घाई नको)

अनुभवी खेळाडूला संघ थेट एएचएलला पाठवू शकत नाही. आधी त्याचं नाव वेव्हर्सवर टाकावं लागतं. मग बाकीच्या ३१ संघांना २४ तास मिळतात. कुणीही "आम्हाला हवा" म्हटलं की खेळाडू त्यांचा. जुन्या संघाला बदल्यात काही मिळत नाही, फक्त करार डोक्यावरून जातो. दोघांनी मागितला तर आदल्या हंगामात ज्याची कामगिरी वाईट त्याचा हक्क आधी, हा क्रम ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतो. कुणीच मागितला नाही तर खेळाडू "क्लिअर" झाला, आता त्याला खाली पाठवा.

निकाल टोरांटोच्या घड्याळात दुपारी दोनला लागतो. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ही वेळ लक्षात ठेवली तर रात्रभर जागायची गरज पडत नाही.

तरुणांना यातून सूट असते. पहिला करार वयाच्या कितव्या वर्षी केला त्यावर सूट किती वर्षं आणि किती सामन्यांची हे ठरतं. अठराव्या वर्षी सही केलेल्या फॉरवर्ड किंवा डिफेन्समनला पाच वर्षं किंवा १६० सामने, जे आधी संपेल तोवर सूट. गोलीला सहा वर्षं किंवा ८० सामने. पंचविशीत किंवा त्यानंतर पहिली सही केली तर जेमतेम एक वर्ष.

आता वहीतल्या उरलेल्या नावांपुढे खूण करा: सूट आहे की नाही. शेवटच्या जागेसाठी दोघं भांडत असतील, एकाला सूट असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर दहातल्या आठ वेळा सूट असलेलाच खाली जातो, मग तो कॅम्पमध्ये सरस खेळलेला का असेना. त्याला खाली पाठवण्यात धोका शून्य. दुसऱ्याला पाठवताना तो कायमचा जाऊ शकतो. चाहते दरवर्षी यावर चिडतात, "पोरावर अन्याय" म्हणतात. मीही म्हणायचो. मॅनेजर मात्र दोन्ही खेळाडू हातात ठेवायचा विचार करत असतो.

ही भीती खोटी नाही. लीफ्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये मायकेल अमाडिओला वेव्हर्सवर टाकलं. व्हेगासने तो उचलला आणि २०२३ मध्ये त्याच अमाडिओने त्यांच्यासोबत स्टॅन्ली कप डोक्यावर घेतला. इथल्या लोकांनी तो टीव्हीवर पाहिला.

उलटही होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अनुभवी गोली मार्टिन जोन्स वेव्हर्सवर गेला. कुणीतरी नेईलच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कुणी नेला नाही. तो मार्लीजला गेला, पुढे वरचा गोली जायबंदी झाला आणि जोन्स त्या हंगामात लीफ्ससाठी २२ सामने खेळला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा जोखीम घ्यायला बरा असतो, कारण सगळ्यांच्याच याद्या तेव्हा भरून वाहत असतात. दुसऱ्याचा माणूस उचलायचा तर आपला एक काढावा लागतो, आणि उचललेल्याला परत वेव्हर्सवर न टाकता खाली पाठवता येत नाही. त्या आठवड्यात वेव्हर्सवर डझनावारी नावं येतात आणि बहुतेक सगळी क्लिअर होतात.

"टू-वे करार आहे, म्हणजे खाली पाठवता येईल" हे वाक्य तुम्ही पहिल्या आठवड्यात वीसदा ऐकाल. चूक आहे. टू-वे म्हणजे वर खेळला तर एक पगार, खाली खेळला तर कमी पगार, एवढंच. वेव्हर्सशी त्याचा काही संबंध नाही.

आणि एक हिशेब जवळून पाहू. २०२५ च्या कॅम्पअखेर लीफ्सने डेव्हिड काम्फला वेव्हर्सवर टाकलं. चांगला बचावात्मक सेंटर, कॅपवर २४ लाख डॉलर, करार आणखी दोन हंगामांचा. कुणी उचललं नाही, कारण उचलणाऱ्याच्या गळ्यात ते २४ लाख पडले असते. खेळाडू बरा होता, करार जड होता. मग तो मार्लीजला गेला. पण २४ लाख पूर्ण वाचले का? नाही. खाली पाठवल्यावर सूट मिळते ती लीगचा किमान पगार अधिक ३ लाख ७५ हजार इतकीच. किमान पगार तेव्हा ७ लाख ७५ हजार होता, म्हणजे सूट ११ लाख ५० हजारांची. उरलेले १२ लाख ५० हजार लीफ्सच्या कॅपवर तसेच राहिले, खेळाडू दुसऱ्या लीगमध्ये खेळत असताना. नोव्हेंबरमध्ये दोघांनी संमतीने करार मोडला आणि काम्फ व्हँकुव्हरला गेला. वेव्हर्सवरचं प्रत्येक नाव "टाकाऊ" नसतं. कित्येकदा माणूस ठीक असतो, आकडा नको असतो.

पायरी ३: एकोणीस वर्षांच्या पोरांचं गणित वेगळं मांडा

कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल किंवा क्यूएमजेएचएलमधून घेतलेला १८-१९ वर्षांचा मुलगा आजवर एएचएलला जाऊच शकत नव्हता. एक तर एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. मधला रस्ता बंद. २०२६-२७ पासूनच्या नव्या कामगार करारात संघामागे एका १९ वर्षांच्या मुलाला ही वाट मोकळी करण्याचं ठरलं आहे, पण जुना नियम कळल्याशिवाय मागच्या दहा वर्षांचे निर्णय कळणार नाहीत.

दुसरा नियम नऊ सामन्यांचा. एवढ्या लहान मुलाने दहावा एनएचएल सामना खेळला की त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचं एक वर्ष जळतं. नऊपर्यंत थांबवला तर करार वर्षभर पुढे सरकतो. म्हणून अशी पोरं ऑक्टोबरमध्ये चार, सहा, नऊ सामने खेळून अचानक गायब होतात.

२०२३ चा फ्रेझर मिंटेन आठवा. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात, ३८ वा. कॅम्पला तो येईल, चेहरा दाखवेल आणि जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. त्याने डोकं शांत ठेवून दोन्ही बाजूंना असं खेळून दाखवलं की १९ व्या वर्षी तो पहिल्या सामन्याच्या यादीत होता. खेळला चार सामने. मग परत डब्ल्यूएचएल. लोक म्हणाले, नापास. तसं नव्हतं. संघाने त्याला जवळून पाहिलं आणि कराराचं वर्ष वाचवलं. मार्च २०२५ मध्ये बोस्टनकडून ब्रँडन कार्लो आणताना द्यावा लागला तो हाच मिंटेन, सोबत पहिल्या फेरीची निवडही. त्या चार सामन्यांमुळे त्याची किंमत कमी झाली नव्हती.

ईस्टन कोवनची गोष्टही अशीच, फक्त लांबलेली. २०२३ मध्ये पहिल्या फेरीत घेतला, दोन कॅम्पनंतर दोन्ही वेळा लंडन नाइट्सला परत धाडला. हे लंडन ऑन्टारियोतलं, गोंधळ नको. तिथे २०२५ चा मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियर हॉकीचा मोठा चषक, जिंकला, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. मग विसावं वर्ष लागलं आणि एएचएलचं दार उघडलं. कुणी पोरगा परत गेला म्हणून हळहळू नका, आधी त्याची जन्मतारीख बघा.

पायरी ४: पाहुण्यांकडे दुर्लक्ष करू नका

कॅम्पच्या यादीत काही नावांपुढे पीटीओ लिहिलेलं असतं. हे ट्रायआउटवर आलेले, करार नसलेले खेळाडू. बहुतेक तिशीतले, नाव कमावलेले, फोनची वाट पाहून कंटाळलेले. संघाला यात काही गमवायचं नसतं, म्हणून लोक त्यांना शोभेचे समजतात. पण लीफ्सने २०२४ च्या कॅम्पला मॅक्स पॅच्योरेटी आणि स्टीव्हन लोरेन्झ यांना असंच बोलावलं आणि दोघांनाही करार दिला. लोरेन्झ तर किमान पगारावर आला, चौथ्या फळीत (फळी म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) राबला आणि २०२५ मध्ये तीन वर्षांचा करार घेऊन बसला.

२०२५ ला लीफ्सचा गोली जोसेफ वोल वैयक्तिक कारणाने रजेवर गेला, तेव्हा जेम्स रायमर ट्रायआउटवर आला. लीफ्सचाच जुना गोली, इथल्या लोकांचा लाडका. पण करार मिळाला नाही, कारण शेवटच्या दिवशी प्रिमो वेव्हर्सवर दिसला. रायमर पाच दिवस आधी जसा होता तसाच होता. दुसऱ्या शहरातल्या कुणाचं तरी नाव एका यादीत आलं, एवढंच.

पायरी ५: सराव सामने बघा, पण गोल मोजू नका

माझ्या पहिल्या सप्टेंबरमध्ये एका पोराने सराव सामन्यात दोन गोल केले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच्या नावाची जर्सी शिवून घेतली. दहा दिवसांत तो खाली गेला आणि पुन्हा वर आला नाही. जर्सी अजून कपाटात आहे. बायको ती बर्फ काढताना घालते.

चूक कुठे झाली? दोन्ही गोल तिसऱ्या पिरियडमध्ये झाले होते, समोर एएचएलचा गोली होता आणि त्या संघाने आपले निम्मे मोठे खेळाडू घरीच ठेवले होते. नियमाने सराव सामन्यालाही किमान आठ अनुभवी खेळाडू उतरवावे लागतात, पण पाहुणा संघ बऱ्याचदा मोजून आठच आणतो. त्यामुळे आधी समोरची यादी पाहा, मग गोल.

पाहायचं ते हे. मुलगा कुणाबरोबर खेळतोय? मोठ्या खेळाडूंच्या फळीत टाकलाय की तिघंही खाली जाणार अशा फळीत? चौथ्या फळीच्या उमेदवाराला एक माणूस कमी असताना, म्हणजे पेनल्टी किलवर, उतरवतात का? त्या जागा पेनल्टी किलवरच मिळतात. शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलची आघाडी असताना कोच कुणाला पाठवतो? सराव सामन्याचा निकाल कुणाला आठवत नाही, पण कोचचा हात कुणाच्या खांद्यावर पडला हे यादीत उमटतं.

टोरांटोत असाल तर इटोबिकोच्या फोर्ड परफॉर्मन्स सेंटरला कॅम्पचा सराव पाहायला जा. तिथे जर्सीचे रंग वाचायला शिका. एकाच रंगातले तिघे बहुधा एक फळी असतात. वेगळ्याच रंगाची, सहसा लाल, जर्सी घातलेला खेळाडू जायबंदी असतो, त्याला धक्का द्यायचा नाही. सामन्याच्या दिवशी सकाळचा सराव संपल्यावर सगळे आत जातात आणि चार-पाच जण बर्फावर घाम गाळत राहतात. ते त्या रात्री खेळत नाहीत. थंडीत कुडकुडत पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, हे त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

२०२६-२७ पासून हंगाम ८२ ऐवजी ८४ सामन्यांचा, आणि सराव सामने संघामागे जास्तीत जास्त चार. पोरांना स्वतःला दाखवायला जागा आणखी कमी, म्हणजे कागदाचं वजन आणखी जास्त.

पायरी ६: ट्रेडच्या वावड्या चाळून घ्या

"बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी" ही म्हण टोरांटोसाठीच केली असावी असं मला वाटतं. देशातल्या दोन्ही मोठ्या क्रीडा वाहिन्यांचा डेरा इथेच, हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे, आणि रोज काहीतरी बोलायचं असतं. त्यामुळे न झालेल्या ट्रेडवर, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवर, संध्याकाळभर चर्चा होते, त्यात कोण फसलं हेही ठरतं.

नीलँडरचंच बघा. २०१८ मध्ये कराराच्या वादात तो घरी बसला आणि १ डिसेंबरला संध्याकाळी पाचची मुदत संपायला काही मिनिटं असताना सही झाली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्याचा ट्रेड "होणारच" होता. डिफेन्समनच्या बदल्यात, गोलीच्या बदल्यात, ड्राफ्ट निवडींच्या बदल्यात. जानेवारी २०२४ मध्ये त्याने आठ वर्षांचा करार केला आणि तो आहे तिथेच आहे. मॅकडेव्हिड जन्माने टोरांटोच्या उपनगरातला, म्हणून तो "घरी येणार" याची २०२५ चा अख्खा उन्हाळा हवा होती. कोजागिरीच्या दिवशी ती हवा गेली. करार दोनच वर्षांचा आहे म्हणून ती परत भरली जाणार, यात मला शंका नाही.

तर वावडी कानावर आली की आधी करार उघडा. कॅपफ्रेंडली नावाची फार छान साइट होती, २०२४ मध्ये वॉशिंग्टन संघाने ती विकतच घेतली आणि सामान्यांसाठी बंद झाली. आता पकपीडिया वापरा. तिथे पाहा: खेळाडूकडे नो-मूव्ह किंवा नो-ट्रेडचं कलम आहे का? पूर्ण नो-मूव्ह असेल तर त्याच्या होकाराशिवाय त्याला हलवता येत नाही, वेव्हर्सवर टाकता येत नाही, खालीही पाठवता येत नाही. काहींकडे अर्धवट कलम असतं: अमुक दहा संघांना नको, बाकी चालतील. मार्च २०२५ मध्ये कॅरोलायनाच्या मिको रँटानेनच्या बदल्यात जायला लीफ्सच्या मिच मार्नरकडे होकार मागितल्याच्या बातम्या आल्या. मार्नर हलला नाही. त्याचा करार संपता संपता, ३० जूनला, आठ वर्षांचा नवा करार करूनच तो व्हेगासला गेला आणि लीफ्सच्या हाती आला निकोलस रॉय. नऊ हंगाम खेळलेल्या हिऱ्याच्या बदल्यात तिसऱ्या फळीचा सेंटर. कलम काय करू शकतं हे याहून वेगळं समजावता येणार नाही.

मग पैसे जुळतात का बघा. ऑक्टोबरच्या तोंडावर बहुतेक चांगले संघ कॅपला टेकलेले असतात. ८० लाखांचा माणूस आणायचा तर तेवढेच बाहेर जायला हवेत, किंवा समोरच्या संघाने पगाराचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, स्वतःकडे ठेवायला हवा. दोन ओळींचा हिशेब केला की निम्म्या वावड्या तिथेच गळतात. "पण तो जायबंदी आहे, त्याला दीर्घ दुखापतीच्या यादीत टाकतील" असं कुणी म्हणेल. ती पळवाट आहे, त्यासाठी किमान दहा सामने आणि २४ दिवस बाहेर राहावं लागतं, आणि २०२५-२६ पासून तिचे नियम बरेच आवळले आहेत.

आणि वेळ बघा. सप्टेंबरअखेर होणारे ट्रेड मोठे क्वचित असतात. २०१८ मध्ये एरिक कार्लसन सप्टेंबरमध्येच ओटावाहून सॅन होजेला गेला होता, पण तो अपवाद. नेहमीचा ट्रेड हा ऑक्टोबर २०२३ मध्ये लीफ्सने सॅम लॅफर्टीला व्हँकुव्हरला देऊन पाचव्या फेरीची निवड घेतली तसा. कॅपमध्ये बसवायला कुणीतरी काढायचाच होता, वेव्हर्सवर टाकून फुकट जाण्यापेक्षा पाचवी फेरी बरी. समोरच्या मॅनेजरलाही हे कळत असतं, म्हणून तो घासाघीस करतो: "दोन दिवस थांबलो तर फुकटच मिळेल ना?" थांबायचं तर धोका एवढाच की त्याच्या आधी दुसरा कुणी उचलेल.

शेवटचं, कोण बोलतंय? एलियट फ्रीडमन किंवा पिएर लब्रन या पत्रकारांनी "झालं" म्हटलं तर झालं समजा. त्यांनीच "चौकशी झाली आहे" म्हटलं तर चौकशी झाली आहे, त्यापुढे काही नाही. चौकशा बत्तीस संघ रोज करतात. बऱ्याचदा बातमी सोडणारा खेळाडूचा एजंट असतो आणि त्याला नवा करार हवा असतो. आणि नावात एक अक्षर इकडेतिकडे करून चालवलेली नकली खाती तर इथला पावसाळी आजार आहे. मी अशाच एका खात्यावर विश्वास ठेवून अख्ख्या ऑफिसला ट्रेडची बातमी दिली होती. पुढचा महिनाभर मला "इनसाइडर" म्हणून हाक मारत होते, आणि कांदेपोह्यांचा डबा न्यावा लागला तो वेगळाच.

पायरी ७: शेवटचे तीन दिवस

हंगामाच्या आदल्या शनिवार-रविवारी वही पुन्हा उघडा. वेव्हर्सची यादी रोज पाहा, फक्त आपल्या संघाची नाही, सगळ्यांची. आपल्या संघात भोक कुठे आहे ते आधी ठरवा आणि तिथे बसेल असं नाव दुसऱ्याच्या यादीत शोधा. यादी द्यायची वेळ टोरांटोची संध्याकाळी पाच, पुण्याची पहाटे अडीच. तुमची २३ नावं त्याआधी लिहून ठेवा, नंतर "मी म्हटलंच होतं" ला किंमत नाही. पहिल्या वर्षी पाचांपैकी दोन जागा बरोबर आल्या तरी चांगलं.

आणि ती यादी जाहीर झाली म्हणून वही बंद करू नका. काही दिवसांतच कुणी जखमींच्या यादीत सरकतो, त्याच्या जागी खाली पाठवलेला पोरगा वर येतो. २०२५-२६ च्या आधी तर सूट असलेल्यांना सामना नसलेल्या दिवसांपुरतं कागदोपत्री खाली पाठवायचे, कारण कॅप दिवसाच्या हिशेबाने मोजली जाते आणि दोन दिवसांचे पैसेही वाचायचे.

कोजागिरीच्या रात्री त्या मुलाला हे सगळं सांगून होईपर्यंत दुधावर साय आली होती. त्याने शेवटी विचारलं, "मग हा प्रिमो आता लीफ्सचाच?" मी म्हटलं, वोल परत येईपर्यंत. वोल नोव्हेंबरमध्ये परत आला. प्रिमोला खाली पाठवायचं होतं, पण त्याला सूट नव्हती, म्हणून लीफ्सने त्याला वेव्हर्सवर टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला कॅरोलायनाने तो परत उचलला. तोही बदल्यात काही न देता. मुलाचा मेसेज दोन वाजून तीन मिनिटांनी आला, माझ्या आधी त्याला कळलं होतं.